मावशी-मामांना सीरियस पेशंटचं ट्रेनिंग द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

नाईटवाली_सिस्टर

नमस्कार. वाचते बरेच दिवस, लिहितेय पहिल्यांदाच. मी पश्चिम उपनगरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इनचार्ज आहे. नाव सांगत नाही, मॅट्रन इथे वाचत असल्या तर पंचाईत.

आमच्याकडे हल्ली असे पेशंट खूप येतात ज्यांचं आता बरं होणं हा विषयच राहिलेला नसतो. पसरलेला कॅन्सर, लिव्हर गेलेलं, दोनदा स्ट्रोक होऊन अंथरुणाला खिळलेले आजोबा, घरच्यांनी डायलिसिस थांबवायचं ठरवलंय असे. डॉक्टर राउंडला येऊन पाच मिनिटांत पुढे, आम्ही सिस्टर लोक इंजेक्शन, चार्ट आणि फोन यात अडकलेल्या, आणि उरलेला सगळा दिवस पेशंटजवळ कोण तर मावशी नाहीतर मामा, म्हणजे आयाबाई आणि वॉर्डबॉय. तेच पुसतात, तेच डायपर बदलतात, तेच भरवतात. आणि ट्रेनिंग म्हणाल तर शून्य, म्हणजे लागल्या दिवशी जुन्या मावशीने जे दाखवलं तेवढंच.

तर मॅट्रनने मला सांगितलं, तुम्ही घ्या त्यांचं ट्रेनिंग. एकूण १४ जण, ९ मावशी ५ मामा, दोघे सोडले तर सगळे कंत्राटी. वेळ दुपारी दोनच्या ओव्हरनंतर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना देतो ते) पाऊण तास, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. मी हौसेने पीपीटी बनवली, २८ स्लाईड, चित्रं बित्रं टाकून. पहिलं सेशन झालं मागच्या बुधवारी आणि पार बोऱ्या वाजला. एक मावशी नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी पकडून येते ती चौथ्या स्लाईडला झोपली, आणि तिला उठवायची माझी हिंमत झाली नाही कारण मलाही झोप येत होती. दोघींना वाचता येत नाही हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. आणि शेवटी एक मामा म्हणाले, "सिस्टर हे सगळं ठीकाय, पण काल १२ नंबरच्या बाईंनी मला विचारलं, मामा मी जगणार ना? तर काय बोलायचं ते यात कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच पानावर नव्हतं.

तीन सेशन उरलीत. काय शिकवू, कसं शिकवू, आणि त्या मामांना काय उत्तर देऊ? कोणी असं काही केलं असेल तर प्लीज सांगा. ज्यांचं माणूस असं आजारी होतं त्यांनीही सांगा.

---

जुनी_परळकरीण

अगं पोरी, पहिलं काम म्हणजे तो प्रोजेक्टर गुंडाळून ठेव. मी म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात ३४ वर्षं काढली, आता रिटायर होऊन घरी गुडघे चोळत बसलेय. आमच्या वेळी इनचार्ज सिस्टर नवीन आयाबाईला काय शिकवायची सांगू? रिकामा बेड असला की तिलाच त्यावर झोपवायची. हलायचं नाही, हात बाजूला, वीस मिनिटं. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. मग दुसरीने येऊन काही न बोलता तिला खसकन कुशीवर वळवायचं. तिसरीने उभ्या उभ्या चमच्याने पाणी पाजायचं, भराभर. मग स्ट्रेचरवर घालून कॉरिडॉरमधून एक फेरी, नेहमीच्या स्पीडने. उतरल्यावर बाई स्वतःच सांगायची काय चुकलं ते. वर नुसतं छत आणि ट्यूबलाईट पळताना दिसतात गं, पोटात ढवळतं. तुझ्या २८ स्लाईड त्या एका फेरीत होतात.

मग ड्रॉ शीट. चादरीची आडवी घडी करून पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घालायची, दोन बाजूला दोघं, कडा गुंडाळून मुठीत धरायच्या आणि एक-दोन-तीन म्हणून उचलून सरकवायचं. ओढायचं नाही, उचलायचं. बगलेत हात घालून वर खेचतात ना, त्याने खांदा निखळतो आणि खाली कमरेची कातडी घासून निघते. त्या वयातली कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. दर दोन तासांनी कूस बदलायची, घड्याळ न बघणारीला सांग चहाची वेळ, जेवणाची वेळ, औषधाची वेळ, त्याला जोडून लक्षात ठेव. आणि आमच्या वेळी पाठीला स्पिरिट लावून पावडर मारून चोळायचो ते पण शिकव.

अंगावर जखम होऊ न देणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे त्यांना सांगायचं असेल तर केईएमचं सांग. अरुणा शानबाग, तिथल्याच सिस्टर, हल्ला झाल्यावर अंथरुणाला खिळलेल्या, १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथे होत्या, तिथल्या सिस्टर आणि आयांच्या पिढ्या बदलल्या पण त्यांना बेडसोर होऊ दिला नाही. २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातसुद्धा तिथल्या सिस्टरांचं कौतुक केलंय. ना मशीन ना काही, नुसते हात आणि पाळी लावून केलेलं काम.

अजून एक. मयत झाल्यावर काय करायचं हे पण शिकव, ते कोणीच शिकवत नाही. पडदा ओढायचा आधी, बाजूच्या बेडवाल्याचा जीव अर्धा होतो. नळ्या सिस्टर काढेल, मग तोंड पुसायचं, डोळे मिटायचे, जबडा बांधायचा, केस नीट करायचे. आणि घरच्यांना विचारायचं तुमच्याकडे काय करतात. कोणाला तुळशीपत्र घालायचं असतं, कोणाला तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला करायचं असतं, कोणाला पाच मिनिटं नुसतं बसायचं असतं. बॉडी खाली न्यायची घाई मामांना असते कारण पुढचा पेशंट कॅज्युअल्टीत थांबलेला असतो, ते मला माहितेय, पण पाच मिनिटांनी काही बिघडत नाही.

---

भांडुपचा_फिजिओ

परळकरीण ताई, बेडवर झोपवायची आयडिया जबरदस्त, चोरतोय. पण स्पिरिट-पावडरवर माझा ऑब्जेक्शन, रागावू नका. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि पावडरचे घामात गोळे होऊन उलट तेच घासतात. आता साध्या पाण्याने पुसून, टिपून कोरडं करून मॉइश्चरायझर लावा असं सांगतात. आणि जिथे लाल झालंय तिथे चोळायचं तर बिलकुलच नाही, खालचं मांस आधीच दुखावलेलं असतं. ती हवा भरायची रबराची रिंग पण नको. मध्ये भोक असतं तिथे दाब नसतो खरा, पण कडेने जो दाब पडतो त्याने आतला रक्तपुरवठाच तुटतो. अजून कितीतरी घरात हौसेने विकत आणतात.

सिस्टर, मावशींना बोटाची टेस्ट शिकवा. लाल दिसलं की बोटाने दाबायचं आणि सोडायचं. पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे, कूस बदला. दाबून पण पांढरं होतच नसेल तर बेडसोर सुरू झालाय, लगेच सिस्टरला हाक. आपल्याकडे सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताच्या मागच्या बाजूने बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक लागतंय का. हे वाचता न येणाऱ्या मावशीला आपल्यापेक्षा छान जमतं, पोळीचं पीठ हाताला कळतं तसंच ते.

जागा कुठल्या तर माकडहाड, टाचा, घोटे, खुबा, कोपर हे सगळ्यांना माहिती असतं. विसरतात ते डोक्याची मागची बाजू आणि कान. टाचेसाठी पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहते, पुरा पाय उशीवर ठेवून उपयोग नाही. आणि कुशीवर म्हणजे पूर्ण ९० मध्ये उभं करू नका, खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो, पाठीमागे उशी देऊन साधारण ३० डिग्री कलता ठेवा.

युरोबॅगबद्दल (लघवीची पिशवी) तर मी रोज डोकं आपटतो. एक्सरेला नेताना बॅग उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात! मुंबईतल्या कुठल्याही हॉस्पिटलात लिफ्टसमोर दहा मिनिटं उभे राहा, दिसेलच. लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि मग इन्फेक्शन. बॅग कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही. निघताना रिकामी करा, ट्रॉलीच्या दांडीला अडकवा, संपलं.

आणि कृपा करून त्यांची स्वतःची कंबर. बेडचा ब्रेक लावलाय का बघा (लावलेला नसतोच), बेड वर घ्या, गुडघे वाकवा कंबर नाही, पेशंट अंगाजवळ धरा, एकट्याने उचलू नका. माझ्याकडे ओपीडीत कंबर धरून येणाऱ्यांत वॉर्डबॉय आणि आयाबाया भरपूर असतात.

---

सडेतोड

हे सगळं छान आहे पण एका मावशीकडे रात्री २०-२५ पेशंट असतात तिथे दोन तासांनी कूस कोण बदलणार? आधी माणसं वाढवा, पगार वेळेवर द्या, मग ट्रेनिंग बिनिंग. नाहीतर उद्या बेडसोर झाला की "तुमचं ट्रेनिंग झालं होतं ना" म्हणून हिचाच मेमो निघणार. कंत्राटदार हात झटकून मोकळा.

---

नाईटवाली_सिस्टर

@सडेतोड तुमचं खरंय, वाद नाही. माझ्या हातात माणसं वाढवणं नाही, पाऊण तास आहे. तेवढ्यातलं सांगा.

@फिजिओ बॅग पोटावर... आमच्याकडे पण ठेवतात. मी स्वतः ठेवलेली आहे. लाज वाटली वाचून.

---

कंत्राटी_मामा

मी वॉर्डबॉय आहे १९ वर्ष झाली, कोणत्या हॉस्पिटलात ते नाही लिहीत, मोबाईलवर टाईप करतोय चुकलं तर समजून घ्या. सिस्टर तुम्ही विचारताय हे बरं वाटलं कारण आम्हाला ट्रेनिंग म्हणजे बोलावून दम देतात आणि सही घेतात.

तुम्ही आम्हाला काय शिकवायचं ते बाकीच्यांनी लिहिलं, मी सांगतो आम्हाला काय येतं ते. आम्हाला दिसतं. मी रोज त्याच माणसाला पुसतो तर मला कळतं आज काहीतरी वेगळं आहे, पण सांगायचं कोणाला? मागे एक बाबा होते, दुपारी बारा वाजता मी बघितलं सकाळपासून बॅगेत काहीच नाही आलेलं आणि बाबा सारखे पाय जवळ घेतायत, बोलता येत नव्हतं त्यांना, मी तिथल्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले मामा तुम्ही तुमचं काम करा, मी परत नाही बोललो कारण एकदा असंच बोललो होतो तर सुपरवायझरला कंप्लेंट गेली होती. संध्याकाळी सिस्टरने बघितलं तर नळी चोक झालेली, पोट हे एवढं फुगलेलं. पाणी मारून नळी मोकळी केली तर बॅग भरली. बाबा रडत होते. सहा तास. तर तुमच्या ट्रेनिंगमध्ये डॉक्टर लोकांना पण अर्धा तास बसवा आणि सांगा मामा बोलला तर उठून बघायचं.

दुसरं सुई. कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत सुया टाकतात घाईत, ती पिशवी आम्ही उचलतो, मांडीला लागली की कळतं. मला लागलेली आहे. सुई पांढऱ्या कडक डब्यात टाकायची असते हे आम्हाला शिकवतात, पण टाकणारे आम्ही नसतोच. लागल्यावर काय करायचं हे मला दोन वर्षांनी कळलं की साबण पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच कॅज्युअल्टीत जाऊन सांगायचं, एचआयव्हीच्या गोळ्या लवकरात लवकर म्हणजे दोन तासात सुरू केल्या तर चांगलं आणि ७२ तासांच्या आतच चालतात. मी बायकोला पण नव्हतं सांगितलं. कावीळ बी च्या लसीचे तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्याने, ते तुमच्या सगळ्या १४ लोकांना मिळालेत का बघा, कंत्राटदार देत नाही, हॉस्पिटल म्हणतं तुम्ही आमचे नाही.

आणि रात्रीचं. तीन वाजता पेशंट जागे असतात. सिस्टर काउंटरवर असते, नातेवाईक खाली चटईवर झोपलेले असतात, तेव्हा ते आमच्याशी बोलतात. जे बायकोला सांगत नाहीत ते सांगतात. एकाने मला त्याच्या गावची विहीर सांगितली अर्धा तास, कशी खोदली, पाणी किती हातावर लागलं, मी फक्त हं हं करत होतो. सकाळी माझी ड्युटी संपली, रात्री आलो तर बेडवर दुसरा माणूस. कोणी सांगत पण नाही की ते गेले. आपण विचारायचं तर सिस्टर म्हणते कोण १७ नंबर का? म्हणून म्हणतो आम्हाला पण सांगा कोण गेलं ते. बस.

---

दुखणं_डॉक्टर

मामांच्या पोस्टनंतर लिहायला संकोच वाटतोय पण लिहितो. मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करतो. म्हणजे आजार बरा होणार नसेल तरी वेदना, धाप, उलटी, भीती हे सगळं आटोक्यात ठेवणं, आणि ते शेवटच्या आठवड्यात नाही, निदान झाल्यापासून. मुंबईत हे नवीन नाही, वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळणारी जागा. टाटा कॅन्सर हॉस्पिटलला या कामासाठी वेगळा विभाग आहे. केरळात तर १९९३ पासून कोझिकोडला सुरू झालेलं काम शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवूनच वाढलं, तिथल्या सरकारने २००८ ला त्याचं धोरणसुद्धा केलं. म्हणजे डिग्री नसलेल्या माणसाला हे जमतं का हा प्रश्न निकालात निघालेला आहे.

सिस्टर, तुमच्या एका सेशनमध्ये फक्त दुखण्याचे शब्द घ्या. आमच्या नवीन डॉक्टरांना पेशंट विचारतात कसं दुखतं तर ते एक ते दहा आकडा मागतात. आपल्या मावशीला विचारा, ती सांगेल, ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, आग वेगळी, मुंग्या वेगळ्या, पेटका वेगळा, सलतंय वेगळं. "आग होतेय, करंट लागल्यासारखं होतंय" म्हटलं की मी नसेचं दुखणं धरून चालतो, त्याला औषध वेगळं लागतं, नेहमीची पेनकिलर तिथे पुरत नाही. "कळ येते आणि जाते" म्हटलं की आतड्याचं बघतो. यूपीचा पेशंट झुनझुनी म्हणेल, जलन म्हणेल, टीस म्हणेल, ते पण मावशीला आपल्यापेक्षा जास्त कळतं कारण तिच्या चाळीत सगळेच असतात. तेव्हा तिने "१२ नंबरला दुखतंय" एवढंच न सांगता "१२ नंबरला पायात आग होतेय, रात्री जास्त" असं सांगितलं तर माझं निम्मं काम होतं. ज्याला बोलता येत नाही त्याचं तोंड बघायचं, कपाळावर आठ्या, दात आवळणं, कूस बदलताना हात धरून ठेवणं.

मॉर्फिनबद्दल एक सांगा. "मॉर्फिन चालू केलं म्हणजे आता गेला" असं मावशी-मामाच नातेवाईकांच्या कानात सांगतात आणि मग घरचे गोळी लपवून ठेवतात. ते मरणाचं औषध नाही, दुखण्याचं आहे, नीट डोसमध्ये लोक त्यावर महिनोन् महिने चालतात फिरतात. फक्त पोट घट्ट होतं, म्हणून संडास किती दिवस झाली नाही हे मावशीने सांगायलाच हवं.

खाणंपिणं. पेशंट नीट जागा नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, कितीही घरच्यांनी आग्रह केला तरी, ते श्वासनलिकेत जातं. भरवताना डोकं वर, नंतर अर्धा तास तरी तसंच. नळीतून फीड, ऑक्सिजन कमी-जास्त करणं, सलाईनचा स्पीड, याला मावशी-मामांनी हात लावायचा नाही, "मावशी जरा वाढवा ना" असं नातेवाईक म्हणतात तेव्हासुद्धा. शेवटच्या दिवसांत भूक जाते ती आजाराने जाते, भरवत नाही म्हणून माणूस जात नाहीये, उलटंय ते. तेव्हा तोंड ओलं ठेवायचं, बोटाला ओला गॉझ किंवा मऊ ब्रश, ओठाला व्हॅसलीन. कवळी काढून धुवायची. श्वास घरघरायला लागला की घरच्यांना वाटतं गुदमरतोय, कुशीवर कलतं केलं की बरेचदा कमी होतं.

आता त्या मामांचा प्रश्न. मी जगणार ना. यावर दोन उत्तरं सगळ्यांच्या तोंडावर असतात, "काही होत नाही, बरे होऊन नाचत घरी जाल" किंवा "सगळं त्याच्या हातात". दोन्ही उत्तरांनी पेशंटचं तोंड बंद होतं, परत तो विचारत नाही. मामांनी खोटं बोलायचं नाही आणि रिपोर्टही सांगायचा नाही. माझ्याकडे मी हे शिकवतो, आधी खाली बसा, उभ्याने बोलू नका. मग विचारा, "असं का वाटलं आज?" आणि गप्प राहा, मनात वीस आकडे मोजा हवं तर. बहुतेक वेळा पुढे वेगळंच निघतं, पोरीचं लग्न, गावचा सातबारा, नाहीतर "रात्री एकटं वाटतं". मग म्हणायचं, "मला त्यातलं कळत नाही, पण तुम्ही विचारलंत ते मी सिस्टरांना सांगतो. आत्ता मी इथेच आहे." आणि खरंच सांगायचं. सांगितलं नाही तर ते पण खोटंच झालं.

---

चेंबूरनाका

नातेवाईक म्हणून लिहितो. आई गेली त्याला तीन वर्षं झाली, २६ दिवस हॉस्पिटलात होती, शेवटचे नऊ दिवस डोळे उघडत नव्हती. दोन मावशी होत्या पाळीला. एक जण चादर बदलताना दुसऱ्या मावशीशी आईच्या अंगावरून बोलायची, "ही काय आज-उद्याची, बेड रिकामा झाला की ती कॅज्युअल्टीतली येईल." आईचा हात माझ्या हातात होता. बेडपॅनला पन्नास रुपये पण तीच मागायची, त्याचं एवढं नाही वाटलं, तेही वाटलं पण ते विसरलो.

दुसरी मावशी रोज आत आली की आधी म्हणायची, "आजी, मी आलेय हां, पाणी गार आहे, हात लावते." बेशुद्ध बाईला. मला हसू यायचं आधी. मग माझी बायको पण तसंच बोलायला लागली, मग मी पण. एकदा त्या मावशीने विचारलं आजींना चहा आवडायचा का, मी म्हटलं प्रचंड, आलं घालून, तर तिने सिस्टरना विचारून तोंड पुसायचा गॉझ चहात बुडवून घट्ट पिळला आणि ओठांवरून फिरवला. आईने जीभ बाहेर काढली थोडी. नऊ दिवसांत तेवढीच हालचाल.

त्या मावशीचं नाव मला माहिती नाही. विचारायचं राहून गेलं.

---

जुनी_परळकरीण

फिजिओ, स्पिरिटचं मान्य केलं बाबा. ३४ वर्षं चोळत होते. रिंग मात्र आम्ही पण बंद केली होती नंतर.

---

नाईटवाली_सिस्टर

काल दुसरं सेशन झालं, इथे सांगायला आलेय. प्रोजेक्टर आणलाच नाही. २१ नंबरचा बेड रिकामा होता, ज्या मामांनी प्रश्न विचारला होता त्यांनाच झोपवलं, पाय बेडच्या बाहेर. युरोबॅग म्हणून पाण्याची पिशवी बांधली. एका मावशीने सवयीने ती उचलून त्यांच्या पोटावर ठेवली आणि सगळ्यांनी एकदम ओरडून तिला धरलं, कारण मी आधी तेच सांगितलं होतं, काय हसले सगळे. मामा उठले ते म्हणाले, "ट्यूबलाईट जरा बंद करत जा रात्री, माणूस वेडा होईल." वीस मिनिटांत! त्या बेडच्या वरची ट्यूब गेले दोन महिने फडफडतेय, आम्हाला कोणाला दिसलीच नव्हती, आज इलेक्ट्रिशियनला चिठ्ठी दिलीय.

नालासोपाऱ्याची मावशी झोपली नाही. ड्रॉ शीटची घडी तिची सगळ्यात नीट, आता बाकीच्यांना तीच शिकवणार असं ठरलंय.

दुखण्याच्या शब्दांना अर्धा तास गेला आणि वेळ पुरला नाही. कोकणातल्या एका मावशीने असले शब्द काढले की मला अर्थ विचारावे लागले. पुढच्या वेळी लिहून घेईन. कावीळ बी चं विचारलं, १४ पैकी फक्त चौघांना तिन्ही डोस झालेत. मॅट्रनकडे लेखी दिलंय, बघू काय म्हणतात. डॉक्टरांना अर्धा तास बसवायचं काही जमेल असं दिसत नाही, पण दुपारच्या ओव्हरला आता शेवटची दोन मिनिटं मावशी-मामांची, मी रेसिडेंट डॉक्टरला थांबवून ठेवते. आणि रात्रीत कोण गेलं ते सकाळी येणाऱ्यांना नावाने सांगायचं, नंबरने नाही, हे आमच्या सिस्टर लोकांना मीच सांगितलंय. एक-दोघी कुरकुरल्या.

आज ओव्हरला एक मावशी म्हणाल्या, "९ नंबरचे बाबा दोन दिवस केस विंचरू देत नाहीत, फणी लावली की तोंड वाकडं करतात." जाऊन बघितलं तर डोक्याच्या मागे रुपयाएवढं लाल, दाबलं तरी पांढरं होत नाही. फिजिओ, तुम्ही लिहिलं होतं म्हणून आठवलं. उशी बदललीय आणि दर दोन तासांनी मान वळवायला सांगितलीय. ते बघताना अजून एक सापडलं, ऑक्सिजनच्या नळीने कानाच्या मागे दोन्हीकडे कातडी सोलवटलेली. तिथे गॉझची छोटी घडी ठेवलीय, कोणाकडे याहून चांगलं काही असेल तर सांगा, बाबांचे कान मोठे आहेत आणि घडी सारखी निसटते.